लाउडस्पीकर पारखताना कानाला काय कळू द्यायचे नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील आपल्या घराचा हॉल ११ बाय १६ फुटांचा आहे आणि त्यात जमिनीवर उभे राहणारे, वरच्या किमतीचे लाउडस्पीकर आपल्याला घ्यायचे आहेत. दोन वेगवेगळ्या शोरूममध्ये आपण दोन जोड्या ऐकल्या. पहिली ‘मोकळी आणि भव्य’ वाटली, दुसरी ‘जराशी दबलेली’. मात्र प्रसिद्ध झालेली मोजमापे पाहिली तर दुसरी जोडी सरस दिसते. तेव्हा कानावर विश्वास ठेवावा की आलेखावर, असे आपण विचारले आहे. आपले ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि एकल तबल्याचे आहे, हे कळवलेत ते बरे झाले, कारण उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे.

गेली सत्तावीस वर्षे लोकांच्या घरी लाउडस्पीकर बसवून ते जागेवर लावून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर विश्वास कानावरच ठेवावा. मात्र आपण ज्या परिस्थितीत तो वापरलात त्या परिस्थितीत त्याची साक्ष धरता येत नाही. कान हा उत्तम पारखी आहे, पण त्याला फार स्वस्तात लाच देता येते, आणि शोरूममध्ये ती बहुतेक वेळा कोणाच्याही वाईट हेतूशिवाय दिली जाते.

पहिली लाच आवाजाच्या पातळीची. दोन जोड्यांपैकी एक अर्ध्या-एक डेसिबलने मोठी वाजत असेल तर ऐकणाऱ्याला ती मोठी वाटत नाही, चांगली वाटते. तपशील अधिक उलगडल्यासारखा भासतो, खर्ज भरल्यासारखा वाटतो. यामागे शरीरशास्त्र आहे. कानाची खर्जाची जाण आवाज जसजसा चढतो तसतशी वाढते, हे बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. आता आपल्या दोन जोड्यांची माहितीपत्रके समोर घेऊन सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर लाउडस्पीकर किती मोठ्याने वाजतो त्याचा, आकडा पाहावा. एकीचा ८६ डेसिबल आणि दुसरीचा ८९ असेल, तर व्हॉल्यूमचे बटण त्याच खुणेवर असताना दुसरी ३ डेसिबलने मोठी वाजते, आणि पहिलीकडून तेवढीच पातळी हवी असेल तर ॲम्प्लिफायरला दुप्पट वॉट द्यावे लागतात. आपण तर दोन वेगळ्या दुकानांत, दोन वेगळ्या ॲम्प्लिफायरवर आणि दोन वेगळ्या दिवशी ऐकलेत. ‘भव्य’ आणि ‘दबलेली’ या दोन शब्दांतला किती भाग लाउडस्पीकरचा आणि किती भाग बटणाचा, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरी लाच डोळ्यांची. १९९४ साली लाउडस्पीकर बनवणाऱ्या हारमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार लाउडस्पीकर दोन प्रकारे ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. त्या चारांत लहान आकाराचा, स्वस्त असा एक संच होता. पडद्याआड तो मोठ्यांच्या बरोबरीने टिकला. दिसू लागताच त्याचे गुण घसरले आणि भारदस्त पेट्यांचे, म्हणजे मोठ्या लाउडस्पीकरांचे, वाढले. मला त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पडद्याआड ऐकताना पेटीची खोलीतली जागा बदलली की लोकांच्या मतात फरक पडत होता, आणि तो पडायलाच हवा, कारण आवाज खरोखरच बदलतो. पेट्या दिसू लागल्यावर तो फरकही बराचसा मावळला. डोळ्यांनी निकाल आधीच दिलेला असल्यामुळे कानाने काम करणेच जवळजवळ थांबवले होते.

हे मला स्वतःवर बेतल्याशिवाय पटले नव्हते. पंधराएक वर्षांपूर्वी एका घरी दोन जोड्या निवडपेटीला (कळ दाबून एकीवरून दुसरीवर जाण्याच्या खोक्याला) जोडून मी यजमानांना फरक समजावून सांगत होतो. कळ दाबली की ‘आता पाहा, स्वर जागेवर आला’, पुन्हा दाबली की ‘आता तो मागे गेला’. यजमान आणि त्यांचे दोन स्नेही माना डोलावत होते. अर्ध्या तासाने त्यांच्या मुलाने खाली वाकून पाहिले आणि दुसऱ्या जोडीच्या वायरी निवडपेटीत घातलेल्याच नाहीत, असे शांतपणे सांगितले. कळ अडकलेली असल्यामुळे दोन्ही वेळा पहिलीच जोडी वाजत होती. त्या दिवसापासून मी कापड वापरतो.

कापड म्हणजे पातळ सुती ओढणी किंवा मलमल. तोंडासमोर धरून फुंकर मारावी आणि पलीकडे धरलेल्या तळहाताला ती लागली तर ते कापड चालते. दोन काठ्यांना ते ताणून पेट्यांच्या पुढे उभे करावे आणि कोणती पेटी वाजते आहे हे माहीत असणाऱ्या माणसाने आपल्या नजरेआड, गप्प बसावे. पातळी जुळवण्यासाठी पिंक नॉईज नावाचा चाचणीचा आवाज मिळतो. तो वाजवून बसण्याच्या जागेवरून फोनमधल्या आवाजमापकाने दोन्ही पेट्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणाव्यात. फोनचा आकडा स्वतः अचूक नसला तरी हरकत नाही, कारण आपल्याला दोहोंतला फरकच तेवढा हवा आहे. आणखी एक सूचना आपल्याला विचित्र वाटेल, पण ती आवर्जून पाळावी: जोडी ऐकू नये, प्रत्येक जोडीतली एकच पेटी ऐकावी. दोन पेट्या वाजू लागल्या की खोलीभर पसरलेल्या आवाजात पेटीचे दोष विरघळतात. एकट्या पेटीला लपायला जागा नसते. टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हारमनमध्ये केलेल्या चाचण्यांत हेच पुन्हा पुन्हा दिसले. जोडी म्हणून ऐकण्याची पायरी नंतरची.

फरक ऐकताना मध्ये जाणारा वेळ काही सेकंदांचाच असावा. स्वरांच्या पोताची नेमकी आठवण तेवढीच टिकते. त्यापुढे उरते ती आपण त्या आवाजाला दिलेल्या विशेषणांची आठवण. हारमनच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत एक पेटी मागे नेऊन दुसरी काही सेकंदांत नेमकी त्याच जागी आणणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे ती नसणार, म्हणून दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि अर्ध्या वेळाने त्यांची अदलाबदल करावी, म्हणजे जागेचा फायदा कोणा एकीलाच मिळत नाही.

आता काय ऐकावे. सुरुवात त्याच पिंक नॉईजने करावी, संगीताने नव्हे. हा आवाज दूरच्या धबधब्यासारखा असतो आणि त्याला स्वतःचा सूर नसतो. चांगल्या पेटीतून तो खरोखरच बिनसुराचा येतो. सदोष पेटीतून येताना मात्र त्यात एखादा स्वर दडलेला ऐकू येतो, आणि इथे आपली बाराखडी फार उपयोगी पडते. धबधब्यात ‘ऊ’ ऐकू आला तर पेटी जिथे जास्त वाजते ती उसळी साधारण २५० हर्ट्झच्या आसपास आहे, ‘ओ’ आला तर ५०० च्या, ‘आ’ आला तर १००० च्या, ‘ए’ आला तर २००० च्या आणि ‘ई’ आला तर ४००० च्या आसपास. तोंडाच्या पोकळीतले अनुनाद बदलूनच आपण हे स्वर उच्चारतो, त्यामुळे लाउडस्पीकरच्या अनुनादालाही कान तेच नाव देतो. दहा मिनिटांचा सराव पुरतो. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एवढेच शिकवतो.

त्यानंतर तंबोरा. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीवरची रचना, उत्तम लागलेली असेल तर त्या तारेतून स्वयंभू गंधार निघतो, आणि तो म्हणजे तिचा पाचवा स्वरांश (मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर), सुमारे ३४६ हर्ट्झचा. लाकडी पेटीच्या बाजूच्या फळ्या थरथरण्याची जागाही नेमकी याच शेजारात, बहुधा २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्यामुळे पेटी जर नीट आवळलेली, आतून आधार दिलेली नसेल, तर गंधार तारेतून उमलल्यासारखा न वाटता पाचवी तार कोणीतरी वेगळी छेडल्यासारखा उभा राहतो आणि तार विझल्यावरही क्षणभर रेंगाळतो. उलट काही पेट्यांत तो सापडतच नाही आणि तंबोरा नुसता झणझणत राहतो. गंधार ऐकू यावा, पण तो कोठून आला हे बोट ठेवून सांगता येऊ नये. हे ज्या पेटीत घडते तिच्या मध्यसप्तकाची मला फारशी काळजी वाटत नाही. डोळे मिटून ही एक चाचणी केली तरी निम्म्या पेट्या बाद होतात.

अर्थात त्यासाठी खरा तंबोरा कसा वाजतो हे कानात असावे लागते, आणि इथे आपण सगळेच थोडे फसलेले आहोत. मांडवात किंवा सभागृहात ऐकलेले गाणे हे आधीच कोणाच्या तरी लाउडस्पीकरमधून आलेले असते. ते प्रमाण मानून घरचा लाउडस्पीकर पारखणे म्हणजे झेरॉक्सवरून सही ताडून पाहण्यासारखे आहे. ध्वनिक्षेपकाविना झालेली एखादी खासगी बैठक मिळाली तर सोडू नये. तेही जमले नाही तर मिरजेला जाऊन एखाद्या सतारमेकरांच्या दुकानात, त्यांची हरकत नसेल अशा वेळी, अर्धा तास नुसते बसावे. जवारी लावताना तारेखालचा धागा सरकवला जातो तेव्हा स्वर कसा उघडतो आणि मिटतो, हे तिथे तीन फुटांवरून ऐकल्यावर घरी येऊन कोणताही लाउडस्पीकर पूर्वीसारखा ऐकता येत नाही.

तिसरी परीक्षा घरच्या माणसाच्या आवाजाची, आणि ती मी स्वतः सर्वात निर्णायक मानतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी आपले लाउडस्पीकर घडवताना जिवंत माणसाचे बोलणे आणि त्याच माणसाचे ध्वनिमुद्रण यांची समोरासमोर तुलना करण्यावर बराच भर दिला होता. आपल्याला त्याचे घरगुती रूप सहज जमेल. पहाटे शांत वेळी गच्चीवर, जिथे आवाज परतवायला भिंती नाहीत, तिथे पत्नीला किंवा वडिलांना एखाद्या बऱ्या ध्वनिमुद्रकासमोर तीन फुटांवरून दोन मिनिटे वाचायला सांगावे. मग त्याच व्यक्तीला पेटीशेजारी उभे करून दोन वाक्ये प्रत्यक्ष आणि दोन पेटीतून, सारख्याच पातळीवर ऐकावीत. ‘डब्यात बोलल्यासारखे’, ‘नाकातून’, ‘सर्दी झाल्यासारखे’ हे शब्द इथे आपोआप सुचतात आणि ते सगळे खरे असतात. वाचायच्या मजकुरात ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन्ही शब्द असावेत. या दोन ‘च’ मधला फरक काही हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरकडून वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरकडे काम सोपवले जाते त्या सीमेवर आणि तिच्या लगतच वर. ती सीमा नीट जुळवलेली नसेल तर दोन्ही ‘च’ एकसारखे ऐकू येतात, किंवा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात. भव्य वाटणारे पुष्कळ लाउडस्पीकर इथे नापास होतात, कारण त्यांची भव्यता बहुधा याच पट्ट्यात मुद्दाम चढवलेल्या दोन-तीन डेसिबलमधून आलेली असते. शोरूममध्ये वीस मिनिटे ती सुखावते. तासाभराच्या विलंबित ख्यालानंतर कपाळ दुखू लागते.

एक सावधगिरी इथेच सांगतो. एकट्या गायकाचा आवाज आणि मागे तंबोरा, एवढ्यावरच निर्णय घेऊ नये. गाणाऱ्याने न घेतलेल्या स्वरांवर पेटीचा दोष असेल तर तो जागाच होत नाही. म्हणून एखादे भरगच्च ध्वनिमुद्रण, ज्यात ऑर्गन, व्हायोलिन, तबला आणि आवाज एकाच वेळी आहेत, तेही वाजवावे. गर्दीत प्रत्येकाचा चेहरा ओळखू येतो की सगळ्यांचा गोंगाट होतो, एवढेच पाहायचे. जुनी ध्वनिमुद्रणे यासाठी निरुपयोगी आहेत. ती कितीही लाडकी असली तरी त्यांतला खरखराट आणि कापलेली वरची बाजू लाउडस्पीकरच्या माथी मारली जाते.

आता आलेखांविषयी. आपल्या प्रश्नात कान एका बाजूला आणि मोजमाप दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी आहे. मला ती मान्य नाही. ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० लाउडस्पीकरांची मोजमापे आणि पडद्याआड ऐकणाऱ्यांनी त्यांना दिलेले गुण ताडून पाहिले, तेव्हा मोजमापांवरून वर्तवलेली पसंती आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ इतका निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे डोळे बांधलेला कान आणि आलेख बहुधा एकच बोलतात. भांडण असते ते डोळे उघडे असलेल्या कानाशी. मात्र आलेख पुरेसा असावा लागतो. ‘३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ’ हे पत्रकावरचे वाक्य, त्यापुढे अधिक-उणे किती डेसिबल हे लिहिलेले नसेल, तर वाचण्याच्या लायकीचे नसते. आणि अधिक-उणे ३ लिहिले तरी त्याचा अर्थ ६ डेसिबलची मोकळीक असा होतो, ज्यात दोन अगदी वेगळ्या चेहऱ्यांचे लाउडस्पीकर मावतात. पाहायचा तो स्पिनोरामा. यात पेटीभोवती आडवे आणि उभे दर १० अंशांवर, एकूण ७० ठिकाणी मापन करून समोरचा, आजूबाजूचा आणि एकंदर खोलीत पसरणारा आवाज वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेला असतो. २०१३ पासून त्याचे अमेरिकेत प्रमाणही ठरलेले आहे.

या रेषांत मी सर्वात आधी समोरची रेषा सपाट आहे का ते पाहतो आणि लगेच बाजूची रेषा तिच्याशी समांतर, हळूहळू उतरत जाते का ते पाहतो. कारण सोपे आहे. २००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, आणि पुष्कळ पेट्यांतला वूफरही साधारण तेवढाच असतो. लहर वूफरच्या शंकूच्या आकाराएवढी झाली की आवाज विजेरीच्या झोतासारखा समोरच जाऊ लागतो. त्याच सुमारास अडीच सेंटिमीटरचा ट्वीटर सूत्रे हाती घेतो आणि आवाज एकदम चौफेर उधळतो. समोर बसून मोजले तर सगळे सपाट दिसते. पण बाजूच्या भिंतीवरून परतणाऱ्या आवाजात आधी खड्डा आणि मग उंचवटा असतो. आपल्या ११ फूट रुंदीच्या हॉलमध्ये बाजूची भिंत पेटीपासून दोन-अडीच फुटांवर येणार, तेव्हा हा परतलेला आवाज आपण नको म्हटले तरी ऐकणार. आलेख न पाहताही हे तपासता येते. पिंक नॉईज चालू ठेवून पेटीसमोरून खिडकीपर्यंत सावकाश चालत जावे, मग उभे राहावे, मग बसावे. आवाज हळूहळू मंद होत गेला तर ठीक. मध्येच रंग पालटला तर ती पेटी आपल्या हॉलसाठी नाही.

खालच्या सप्तकाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि इथे मी आपल्याला जास्त वेळ थांबवणार आहे, कारण इथे आपण लाउडस्पीकर ऐकतच नसतो, खोली ऐकत असतो. आपला हॉल मीटरमध्ये ३.३५ बाय ४.८८ होतो. लांबीच्या दोन भिंतींमध्ये अडकणारी पहिली स्थिर लहर (भिंतींवरून परतून जागच्या जागी उभी राहणारी) ३५ हर्ट्झला येते आणि तिची दुप्पट ७० ला. रुंदीची पहिली ५१ ला आणि दुप्पट १०२ ला. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याची ५९ ला. या आकड्यांवर आवाज उसळतो किंवा गायब होतो, आणि साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीचीच सत्ता चालते. अमेरिकेत बरीच घरे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती स्वतः थरथरून खर्जाचा काही भाग गिळतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती जवळजवळ काहीच गिळत नाहीत. तिकडच्या परीक्षकाने ‘खर्ज नेमका आणि आवरलेला’ असे लिहिलेली पेटी आपल्याकडे घुमू लागते, यात नवल नाही. आपण शोरूममध्ये ऐकलेल्या जोडीच्या खर्जाविषयीचे आपले मत म्हणूनच मी बाजूला ठेवतो. तो त्या शोरूमचा खर्ज होता.

घरी हे ऐकण्याचे उत्तम साधन आपल्याजवळच आहे, ते म्हणजे डग्गा, तबल्याच्या जोडीतले डावे वाद्य. एकल तबल्याच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात वादक मनगट दाबून ‘घे’ची मींड घेतो तेव्हा स्वर खालून वर अखंड सरकत जातो. तो प्रवास जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवल्यासारखा सलग वाटला पाहिजे. आपल्या हॉलमध्ये बहुधा ७० आणि १०२ च्या आसपास तो दोनदा फुगेल. फुगल्यावर जागेवरून उठून तीन पावले पुढे यावे आणि तीच मींड पुन्हा ऐकावी. फुगवटा बदलला किंवा नाहीसा झाला तर तो खोलीचा. सगळीकडे सारखाच राहिला तर तो पेटीचा. एखादी मींड मध्येच गळाली तर पेटीमागची भिंत तपासावी. वूफरपासून ती ८५ सेंटिमीटरवर असेल तर मागून परतलेली लहर सुमारे १०० हर्ट्झला पुढच्या लहरीला मारते. पेटी अर्धा फूट मागे-पुढे केली की तो खड्डा दुसरीकडे सरकतो. दायाँ, म्हणजे उजवा तबला, ऐकताना निराळे लक्ष ठेवावे. शाईच्या लेपामुळे तबल्याचे वरचे स्वरांश सुरेल प्रमाणात येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते. म्हणून ‘तिं’ची आस स्पष्ट षड्जात विझली पाहिजे. ती धूसर लागली तर तबला बेसूर असेल किंवा पेटी. ध्वनिमुद्रण दुसऱ्या पेटीवर वाजवले की निकाल लागतो.

याच कारणाने २५ हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या मोठ्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची आपल्याला गरज दिसत नाही. ऑलिव्ह यांच्या त्याच अभ्यासात पसंतीचा सुमारे ३० टक्के वाटा खर्जाच्या खोलीला होता, हे खरे. पण तो सर्व प्रकारच्या संगीताचा हिशोब आहे. आपल्या गाण्यात तंबोऱ्याच्या खर्जाखाली फार काही नाही. पाश्चात्त्य चर्च ऑर्गन किंवा सिनेमे हा आपला मुख्य विषय असता तर मी वेगळे सांगितले असते.

वरच्या किमतीत खरा फरक कुठे पडतो, असे विचाराल तर तो मोठ्या आवाजात पडतो. व्हॉइस कॉइल, म्हणजे पेटीचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, तापली की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. १०० अंशांनी तापली तर आवाज जवळजवळ ३ डेसिबलने आकसू शकतो. द्रुत लयीतला तराणा आणि त्यावरचा तबला नेहमीच्यापेक्षा जरा मोठ्याने लावावा आणि आवाज मोठा होतो आहे की नुसताच कडक होतो आहे, हे ऐकावे. वायरींबद्दल माझे मत आपल्याला रुक्ष वाटेल: पुरेशा जाडीची तांब्याची वायर, आणि विषय संपला. नवीन पेटी शंभर तास वाजवल्यावर ‘खुलते’ असे सांगितले जाते, तेव्हा खुलतो तो बहुधा ऐकणाऱ्याचा कान. वायरीची अधिक-उणी टोके मात्र जरूर पाहावीत. एका घरी एका पेटीच्या अधिक-उण्या वायरी उलट लागल्या होत्या आणि यजमान कित्येक महिने ‘आवाज भिंतीपलीकडून येतो’ म्हणून खूश होते. जोडी वाजत असताना गायिका दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, हाताने दाखवता येईल अशी उभी राहिली नाही आणि खर्ज पातळ लागला, तर सर्वात आधी हेच तपासावे.

माझ्या कानांविषयीही सांगायला हवे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला १२ किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही, म्हणून ट्वीटरच्या अगदी वरच्या टोकाबद्दल मी भाचीचे मत घेतो. ती एकोणीस वर्षांची आहे आणि तिला किमती माहीत नसतात. आपणही कुटुंबातल्या लहानांना बसवावे.

आपल्या दोन जोड्यांबद्दल इथे बसून निकाल देणे योग्य नाही, पण मला संशय आहे तो सांगतो. पहिली जोडी वरच्या बाजूला चढवलेली आणि सेन्सिटिव्हिटीने वरचढ असावी. दुसरी सपाट असावी आणि आपण ती कमी पातळीवर ऐकली असावी. अनामत ठेवून प्रत्येकी एक पेटी शनिवार-रविवारपुरती घरी द्यायला दोन्ही विक्रेत्यांना विनंती करावी. एवढ्या किमतीच्या खरेदीला अनेक विक्रेते तयार होतात. जो नकार देईल त्याला निदान दुसऱ्या विक्रेत्याची जोडी त्याच्याच शोरूममध्ये आणून लावू देण्यास सांगावे. घरी पेट्या आल्यावर पडदा, पातळी, एक पेटी, मग घरच्या माणसाचा आवाज, तंबोरा आणि डग्गा, या क्रमाने जावे आणि प्रत्येक वेळी मत कागदावर लिहूनच मग पडदा बाजूला करावा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर ७० हर्ट्झची लहर नेमकी आपल्या डोक्याशी सर्वात बलवान असते, आणि काळी एकचा खर्जही तिथेच आहे. म्हणून दुसरी जोडी घरी जड वाटली तर ती परत करण्याआधी सोफा दोन फूट पुढे ओढून पाहावा. गणिताने तेवढ्यात ती लहर सुमारे ३ डेसिबलने खाली येते.